दुसरा फोन

बाईसाहेबांच्या बांगड्या मी फोडल्या. त्यांनी दोन्ही हात सिंकच्या काठावर पालथे ठेवले. मी खलातला बत्ता उचलला आणि मारला. पहिल्या घावाला तीन फुटल्या. दुसरा घाव चुकला, सिंकच्या पांढऱ्या रंगाचा टवका उडाला आणि आतलं काळं लोखंड दिसलं. उरलेल्या मी त्यांचं मनगट धरून काठावर आपटल्या. हिरवी काच नळाच्या पाण्यात पडत होती. उजव्या मनगटावर रक्ताचा ओरखडा उठला.

"भागा, एक राहिली," बाईसाहेब म्हणाल्या.

तीही फोडली. मग त्यांनी भांडी पुसायचं फडकं ओलं केलं आणि कपाळावरचं कुंकू स्वतःच पुसलं. सकाळचे नऊ वाजले होते. शिकागोची गाडी शिट्टी देत गेली. खिडकीबाहेर लांबवर मका वाळत उभा होता.

तो सिंक मला परवा पुन्हा दिसला. नेपरव्हिलचं ते घर आता तिसऱ्या मालकाकडे आहे. त्यांनी स्वयंपाकघर उकरायला काढलंय, आणि जुना सिंक पुढच्या गवतावर आणून टाकलाय. सुषमा मला डोळ्यांच्या डॉक्टरकडून घरी नेत होती. मी म्हटलं, "गाडी थांबव." ती म्हणाली, "मावशी, इथे पार्क करत नाहीत." मी म्हटलं, "मग करू नको, नुसती थांबव."

सिंकात पानं साठली होती. टवका तसाच होता. बोट घातलं तर गंज लागला.

आमचं संस्थान लहान. दोन तालुके, एक किल्ला, एक हत्ती. बाईसाहेब तिथल्या राणी, पण जन्म इलिनॉयचा. बाप मका पिकवायचा. राजेसाहेब तरुणपणी इकडे शिकायला आले होते आणि परत जाताना ह्यांना घेऊन गेले. कसं जमलं ते मला विचारू नका. मला कोणी सांगितलं नाही आणि मी दाराला कान लावणारी नव्हते. लग्नात तांदळाच्या ताटात सोन्याच्या अंगठीने नाव लिहिलं: हेलनच्या हेमलताराजे झाल्या. राजेसाहेबांच्या आईसाहेबांनी सून नीट बघितली आणि म्हणाल्या, "हिला बसायला शिकवा आधी." ते काम माझ्याकडे आलं. मी सतरा वर्षांची होते, विधवा होऊन वर्ष झालं होतं, शाळा चौथीपर्यंत झाली होती.

नऊवारी मी शिकवली. वडीलधाऱ्यांसमोर पदर कुठवर यावा, खोलीतून पाठ न दाखवता मागे कसं जावं, हेही मीच शिकवलं. शेतातली मुलगी, ढांगा मोठ्या टाकायची. उंबऱ्याला अडखळून तिचा अंगठा सारखा फुटलेला. पण शिकली. मराठी शिकली ती आमच्या बायकांची, माजघरातली. पुढे कोणी शहरातलं माणूस आलं की ह्यांचं "काय गं बया" ऐकून हसू दाबायचं.

तीन महिन्यांनी कासारीण यायची. तिच्या पाटीतल्या गवताला एक कोरडा वास असायचा, आणि काचेला काचेचा थंड वास असतो, लोक म्हणतात नसतो. बाईसाहेबांचं हाड रुंद. नेहमीच्या मापाची बांगडी अंगठ्याच्या वर चढायची नाही. कासारीण म्हणायची, "राणीसाहेब, हा हात गायी पिळल्याचा आहे." बाईसाहेब म्हणायच्या, "खरं आहे. बावीस गायी होत्या." आईसाहेब तोंड फिरवायच्या. मग कासारीण खास मापाच्या बनवून आणायला लागली, गडद हिरव्या, प्रत्येक हातात सहा. माझे हात मोकळे. मी पाण्याचा तांब्या धरून बाजूला उभी राहायची, कारण विधवेने बांगडी भरताना जवळ बसायचं नसतं.

संस्थानं गेली, आईसाहेब गेल्या, हत्ती गेला. दिवाणखान्यातल्या गालिच्यांना वाळवी लागली. मूल झालं नाही. मग बाईसाहेबांच्या बापाने मरताना लेकीला नेपरव्हिलचं लहानसं घर दिलं आणि आम्ही तिघं इकडे आलो. तेव्हा गावाच्या कडेला अजून शेतंच होती. नंतर एकेक शेत घरांनी खाल्लं.

त्या घरातले वास मला अजून ओळखू येतात. थंडी लागली की जमिनीतल्या जाळीतून गरम हवा यायची, पहिल्या दिवशी तिला भाजलेल्या धुळीचा वास. बाईसाहेबांच्या सफरचंदाच्या पायचा दालचिनीचा वास. माझ्या फोडणीचा वास पडद्यांत बसायचा, तो शेजारणीला आवडायचा नाही. राजेसाहेबांच्या फेट्याला कापराच्या गोळ्या. फेटा ते दिव्याच्या खांबावर ठेवायचे, त्यामुळे दिवा लावला की खोलीत एक माणूस उभं आहे असं वाटायचं.

खंडेनवमीला शस्त्रपूजा चुकत नव्हती. तलवार इकडे आणता आली नव्हती. मग स्वयंपाकघरातल्या सुऱ्या, बर्फ ओढायचं फावडं, गवत कापायचं यंत्र आणि मोटार, एवढ्यांना हळदकुंकू. दसऱ्याला आपटा नाही म्हणून मेपलची लाल पानं सोनं म्हणून. राजेसाहेब फेटा बांधून जेवणाच्या खुर्चीवर बसायचे, बाईसाहेब शेजारी उभ्या, आणि मी पुढे होऊन पान द्यायची, मुजरा करायची.

"प्रजा कमी झाली यंदा," राजेसाहेब म्हणायचे.

"आहे ती रोज भाकरी थापते, सरकार. नीट बोला तिच्याशी," बाईसाहेब म्हणायच्या.

दिवसभर घरात बांगड्यांचा आवाज असे. पीठ फेटताना एक, कपडे घडी करताना दुसरा. राजेसाहेब वरून ओरडायचे नाहीत, आवाजावरून त्यांना कळायचं राणी कुठे आहे. मलाही कळायचं.

त्या वर्षी राजेसाहेब आईसाहेबांच्या श्राद्धासाठी पितृपंधरवड्यात तिकडे गेले. "संक्रांतीला परत येतो, तिळगूळ करून ठेवा," म्हणाले. मोटारीत बसताना काठी विसरले, मी पळत जाऊन दिली.

आठ-दहा दिवसांनी सकाळी फोन वाजला. तिकडून बोलायचं तर ओरडावं लागे, त्यामुळे मला भांडी घासता घासता सगळं ऐकू आलं. आमचे म्हातारे कारभारी होते. "बाईसाहेब, घात झाला. सरकार वारले. आज दुपारी." आणि लाइन तुटली.

बाईसाहेबांनी फोन ठेवला. पुन्हा उचलला, आकडे फिरवले. लागला नाही. चारदा केलं. मग माझ्याकडे वळल्या. डोळे कोरडे. "आता काय करायचं असतं ते सांग."

इथे मी खरं लिहिणार आहे.

आमच्याकडे माणसाच्या डोक्याला कावळा शिवला तर ते मरणाचं लक्षण धरतात. त्यावर तोड अशी की त्या माणसाच्या सगळ्यात जवळच्या नातेवाइकाला तो मेल्याचा खोटा निरोप पाठवायचा. ते रडले की आलेलं मरण तेवढ्यावर भागतं. मग दुसरा निरोप पाठवायचा, की जिवंत आहे. मी आठ वर्षांची असताना माझ्या मामाचा असा निरोप आला होता. आईने छाती बडवून घेतली, चूल विझली, आणि तिन्हीसांजेला दुसरा माणूस हसत आला: "रडलात ना? झालं तर." आईने त्याला आधी शिव्या दिल्या, मग गूळपाणी दिलं. आमच्या गावात तर मरणाचा निरोप आला की म्हातारी माणसं आधी विचारायची, "कावळा तर नाही ना शिवला?"

पितृपंधरवडा होता. राजेसाहेब गच्चीवर कावळ्यांना पान ठेवत असणार. हे मला त्या क्षणी सुचायला हवं होतं. सुचलं नाही. दुसरा निरोप येईपर्यंत थांबू या, एवढं म्हणायला हवं होतं. म्हटलं नाही. मी म्हटलं, "बांगड्या काढायच्या असतात, बाईसाहेब. विधवेनेच काढायच्या."

"म्हणजे तू," त्या म्हणाल्या, आणि हात पुढे केले.

बांगड्या फुटताना मला वाईट वाटलं. पण त्याच्या खाली आणखी एक वाटलं. मनात आलं, आता आपण सारख्या. तीस-पस्तीस वर्षं मी त्या हिरव्या हातांपासून चार पावलं लांब उभी होते. हे मी कोणाला सांगितलेलं नाही. सुषमालाही आत्ता वाचून कळेल.

बाईसाहेब रडल्या नाहीत. त्यांनी काचा गोळा केल्या, डब्यात भरल्या, चहाचं पाणी ठेवलं. मी वाट बघत होते की आता रडतील. आईसाहेबांनी त्यांना पहिल्याच वर्षी बजावलं होतं, राणी नोकरांसमोर रडत नाही. आणि त्यांचा बापही तसलाच, गाय मेली तरी जेवून उठणारा. दोन दिवस आम्ही फोन करत होतो, लागत नव्हता. दोन दिवस घरात बांगड्यांचा आवाज नव्हता. त्या कुठल्या खोलीत आहेत ते मला बघायला जावं लागे.

तिसऱ्या दिवशी सकाळी फोन आला. कारभारीच. "बाईसाहेब, क्षमा असावी, लाइनच मिळेना. सरकार सुखरूप आहेत. कावळा शिवला होता, आक्कासाहेब ऐकेनात, म्हणून..." आक्कासाहेब म्हणजे राजेसाहेबांची थोरली बहीण. मग राजेसाहेबांचा आवाज, मोठा, हसरा. "काय, रडलीस की नाही?"

बाईसाहेबांनी माझ्याकडे पाहिलं.

"खूप," त्या म्हणाल्या. "खूप रडले."

"शाबास! आता मला काही होत नाही."

त्यांनी फोन ठेवला आणि हसायला लागल्या. ओट्याला धरून हसल्या. आणि मग हात दिसले. हसणं तिथेच थांबलं.

"ह्यांना सांगायचं नाही," त्या म्हणाल्या.

नवरा जिवंत आणि हात मोकळे. बांगड्या भरायला हव्या होत्या, आणि त्या मी भरून चालणार नव्हतं, सवाष्ण हवी होती. तेव्हा सुषमा आली. नागपूरची, नुकतीच लग्न होऊन आलेली, दवाखान्यात रक्त तपासायचं काम करायची, दोन गल्ल्या पलीकडे राहायची. वाण्याच्या दुकानात मला मराठीत स्वतःशी बडबडताना ऐकून ओळख काढली होती. तिने शिकागोच्या देशी दुकानांतून मोठ्या मापाच्या हिरव्या बांगड्या शोधून आणल्या. दोन फेऱ्या झाल्या तिच्या.

ती भरायला बसली तेव्हा मी तिचं आडनाव विचारलं. विचारायचं कारण तिलाही कळलं. ती हसली. "मावशी, आम्ही बौद्ध. आता सांगा, भरू का राजवाड्याच्या बांगड्या, की परत नेऊ?"

मी काही बोलण्याआधी बाईसाहेबांनी हात तिच्या मांडीवर ठेवला. "भर गं. इथे राजवाडा कुठाय? मी ही एक म्हातारी, आणि ती चौथी पास आहे."

"आणि तो कावळा?" सुषमा साबण लावता लावता म्हणाली. "मी हे असलं काही मानत नाही, काकू. पण राजाला खोटं मारायचं आणि राणीला सांगायचं नाही, ही कमाल झाली यार तुमच्या लोकांची."

बांगड्या चढताना कातडी सोलली. बत्त्याचा ओरखडा अजून ओला होता, त्यावरून काच गेली. बाईसाहेबांनी ओठ दाबले. बारा भरून झाल्या तेव्हा सुषमाने विचारलं, "काकू, दुखलं का?" तर म्हणाल्या, "दुखू दे." मी लांबून तांब्या धरून उभी होते. सुषमा मला म्हणाली, "मावशी, तिकडे काय पहारा देताय? या इकडे, हात पुसा ह्यांचे." मी गेले. पहिल्यांदाच इतक्या जवळ बसले.

घरात पुन्हा आवाज सुरू झाला. पण आवाज वेगळा होता. ह्या काचा पातळ होत्या.

संक्रांतीच्या आधी चार दिवस बर्फ पडत होता. तीळ भाजून झाले होते, घरभर तो वास. गूळ सुषमाने आणून दिला होता. फोन वाजला. कारभारी बोलत होते, पण ह्या वेळी त्यांना वाक्य पुरं करता येईना. "सरकार... बाईसाहेब, सरकार..." मागे कोणीतरी रडत होतं. पहिल्या वेळी म्हाताऱ्याने पाठ केल्यासारखं एका दमात सांगितलं होतं. मला तो फरक तिथेच कळला. लाइन तुटली.

बाईसाहेब वळल्या. चेहरा उजळलेला. "भागा, पुन्हा कावळा!"

मी भाजलेल्या तिळांवर ताट झाकलं.

"मागच्या वेळी मी चुकले. ह्या वेळी नीट करते," त्या म्हणाल्या.

त्यांनी अंबाडा सोडला आणि स्वयंपाकघराच्या फरशीवर बसल्या. आमच्या राजवाड्यात बायका कशा रडत ते त्यांनी पाहिलेलं होतं. तशाच रडल्या. गळा काढून, कपाळ जमिनीला लावून, एकेक आठवण घेऊन. विसरलेली काठी आठवून रडल्या, दिव्यावरचा फेटा आठवून रडल्या, कॉलेजच्या पायरीवर राजेसाहेबांनी दिलेली छत्री आठवून रडल्या. ती छत्री मी तेव्हा पहिल्यांदा ऐकली. बांगड्या फरशीवर आपटत होत्या आणि त्या मध्येच हात सावरायच्या, फुटू नयेत म्हणून. शेजारचा म्हातारा बर्फ तुडवत आला, दार ठोकलं, काय झालं विचारलं. मी हाताने त्याला जा म्हटलं.

तासाभराने त्या उठल्या. तोंड धुतलं. "झालं," म्हणाल्या. "आता दुसरा फोन येईल. भूक लागलीय मला." दोन पोळ्या खाल्ल्या. मग फोनजवळ खुर्ची ओढून बसल्या.

दुसरा फोन आला नाही. दुसऱ्या दिवशी आला नाही, तिसऱ्या दिवशी आला नाही. मी तिळगुळाचे लाडू वळले, कारण तीळ खवट झाले असते. चौथ्या दिवशी सुषमा आली. तिने दोघींकडे पाहिलं, मला बाजूला घेतलं. "मावशी, तुम्ही सांगा. नाही तर मी सांगते."

"सांगायला त्या काय लहान आहेत?" मी म्हटलं. "त्यांना बसू दे."

महिन्याने पार्सल आलं. चष्मा, काठी, आणि आक्कासाहेबांचं पत्र. पत्र बाईसाहेबांनी उघडलं नाही. काठी दाराजवळ ठेवली, चष्मा टेबलावर. वेड लागलं नव्हतं त्यांना. मोटार चालवायच्या, बाजार आणायच्या. कचेरीच्या कागदांवर विधवा म्हणून सही केली, तीही बांगड्यांच्या हाताने. मी नंतर विचारलं, "बाईसाहेब, बांगड्यांचं काय करायचं?" तर म्हणाल्या, "दुसरा फोन येईपर्यंत काय करायचं असतं त्यांचं?" मी परत विचारलं नाही. बत्ता मी तळघरात नेऊन ठेवला. मिरची कुटायची ती यंत्रात वाटायला लागले.

तीन वर्षं अशी गेली. दसऱ्याला मेपलचं पान मी त्यांना द्यायची, खुर्ची रिकामी ठेवून. ह्या काचा पातळ, तरी तीन वर्षांत एकही वाढली नाही. भांडीसुद्धा त्या हात जपून घासायच्या.

शेवटी दवाखान्यात होत्या. मका गुडघाभर आला होता. दुपारी जाग्या झाल्या आणि आमच्या भाषेत म्हणाल्या, "भागा, पहिल्या वेळी मी रडले नव्हते. त्यांना खोटं सांगितलं."

"ठाऊक आहे."

"तू कोणाला बोलली नाहीस."

"कोणाला बोलणार? त्या घरात होतं कोण?"

त्या थोड्या हसल्या. हात माझ्या हातावर ठेवला, काच गार लागली. माझं माझ्या तोंडात आलं होतं. थांबा म्हणायचं मला सुचलं नाही, आणि फोडताना मनात काय आलं, ते. पण त्यांनी डोळे मिटले आणि मी गिळलं. त्या पहाटे गेल्या.

आई-बापाशेजारी पुरलं. नऊवारी मीच नेसवली, सुषमाने निऱ्या धरल्या. तिथला माणूस म्हणाला, दागिने काढून घ्या. सुषमाने त्याला इंग्रजीत काही सांगितलं, तो बाजूला झाला. बारा बांगड्या हातात आहेत. काच कुजत नाही.

परवा सिंकाजवळ मी किती वेळ उभी होते माहीत नाही. थंडी होती. सुषमाने मोटारीची काच खाली केली. "मावशी, काय शोधताय? चला, मागे गाड्या थांबल्यात."

"आले," म्हटलं. सिंकातली पानं काढून टाकली. बुडाशी काचेचा तुकडा वगैरे काही नव्हता. असणारही नव्हता.

राजेसाहेब गेले, बाईसाहेब गेल्या. आक्कासाहेब गेल्या, कारभारीही गेले. मी भागा, शिक्षण चौथी. मी आहे.